मंडईमागचा प्लॉट

अहमदाबाद
१२ जानेवारी २०२५

ती. काकांना दीक्षाचा सप्रेम जयभीम.

बातमी मोठी आहे, आधी खुर्चीत बसा. आमच्या ऑफिसला आपल्या करंजवाडीचं काम मिळालंय. पालिकेचं नवं विभाग कार्यालय! इथल्या वीस जणांत करंजवाडी कुठे आहे हे नकाशा न बघता सांगणारी मी एकटीच, म्हणून उत्कर्षा मॅडमनी पहिला आराखडा माझ्याकडे दिला. दहावीपर्यंत तुमच्या घरी राहिले त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

तुमचे कान गेल्यापासून फोन म्हणजे काकींनी मधे ओरडायचं आणि अख्ख्या सोसायटीला कळायचं. व्हॉट्सॲपवर तुम्ही अंगठ्याशिवाय काही पाठवत नाही. म्हणून पत्र.

पालिकेने दोन जागा सुचवल्या आहेत. एक हायवेलगतची, मोठी. दुसरी मंडईमागे, तिच्या निम्मी. दोन्हींचा अभ्यास करून आम्ही शिफारस करायची, मग जनसुनावणी, मग निर्णय. मॅडमना हायवेची आवडली आहे. समोर पाण्याचं तळं, पूर्ण काचेची दर्शनी भिंत, लांबूनच दिसेल. खरं सांगू, मलाही आवडली आहे.

तुम्ही एकतीस वर्षं जन्म-मृत्यूच्या खिडकीवर काढलीत. आत काय चालतं ते कुठल्याच पुस्तकात नाही. तुम्ही सांगा. आणि गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने बंद सांगितलेत हे लक्षात आहे ना? बागेत फिरायला जाता ना?

तुमची
दीक्षा

---

करंजवाडी
२० जानेवारी २०२५

चि. दीक्षास अनेक आशीर्वाद. सप्रेम जयभीम.

पत्र वाचून मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. तुझी काकी म्हणाली, काय झालं, पेन्शन वाढली का? मी म्हटलं, त्याहून मोठं. गमऱ्यांची मुलगी सरकारी कचेरी बांधणार आहे.

आता तुझा प्रश्न. जुनी कचेरी ज्याने काढली तो माणूस आम्हाला फक्त उद्घाटनाला दिसला. त्याने आमची खिडकी छातीइतकी उंच ठेवली आणि दुधी काचेला खाली वीतभर फट. बाहेरच्याला बोलायचं तर वाकून तोंड फटीला लावायला लागायचं. एकतीस वर्षं मी लोकांचे चेहरे पाहिलेच नाहीत, हातच पाहिले. मेहंदीचे, सिमेंटचे, मासळीचा वास येणारे. हातावरून मी माणूस ओळखायचो, पण रस्त्यात तोच माणूस समोर आला तर ओळख पटत नसे. तेव्हा खिडकी खाली घे. दोघंही बसून बोलू देत.

दुसरं, लिहायला जागा. लोक भिंतीवर, स्कूटरच्या सीटवर, एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून फॉर्म भरतात. पाठीवर लिहिलेलं अक्षर मला लगेच कळायचं, पेनाची भोकं पडलेली असायची.

तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. जागा मंडईमागचीच घे. कचेरीत कोण येतं? वाशीच्या मार्केटात हमाली करून परतलेला येतो, टोपली शेजारणीकडे सोपवून भाजीवाली येते. त्यांच्याजवळ अर्धा तास असतो. हायवेवर त्यांना कोण नेणार? मंडईमागची जागा लहान आहे, पण सपाट, मोकळी, उत्तम आहे.

बागेत रोज जातो. तिथे एका बाकावर बसतो, चार माणसं भेटतात. काळजी नसावी.

तुझा
सिताराम काका

---

अहमदाबाद
२ फेब्रुवारी २०२५

ती. काकांना सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी मॅडमना हिंदीत वाचून दाखवलं. हातांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, सगळ्या खिडक्या टेबलाच्या उंचीवर घे, दोन्हीकडे खुर्च्या. झालंसुद्धा! लिहायची टेबलंही आली.

जागेचं मात्र अडलंय. त्या म्हणतात, 'काकांचं मन कळलं, आकडे कुठे आहेत?' कचेरीत येणारे चालत येतात, बसने, की गाडीने, हे कुणी मोजलेलंच नाही. तुम्ही मोजाल का? तीनच दिवस. गेटसमोर सावलीत बसून. गुडघा दुखत असेल तर नको.

आणखी एक. जन्माची खिडकी आणि मृत्यूची खिडकी वेगळ्या, लांब ठेवाव्यात असं मला वाटतं. बरोबर ना?

दीक्षा

---

करंजवाडी
१७ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षास आशीर्वाद.

सोमवार, बुधवार, शुक्रवार मोजले. गेटसमोरच बस थांबते, त्यामुळे कुणाला विचारायला लागलं नाही. एकूण माणसं ४१२. चालत २३९, बसने ८८, रिक्षाने ५१, स्वतःच्या गाडीने ३४. वेगळ्या कागदावर तासवार मांडून सही केली आहे. सवयीने शिक्का शोधत होतो.

राजाबाई नावाची बाई तिन्ही दिवस सरळ खिडकीकडे जाताना दिसली. मंडईत कांदे-बटाटे विकते. मुलाच्या दाखल्यावर तिचं नाव 'रजनी' पडलंय, ते दुरुस्त करायचं. तिन्ही दिवस चालत आली. मी तिला तीनदा मोजलं. तीनदा आली तर तीनदाच मोजायला हवं ना?

खिडक्यांचं विचारलंस. ऐक. एकदा एक पोरगा मुलीचा जन्म नोंदवायला आला, हातात पेढ्यांचा बॉक्स. रांगेत त्याच्या मागे एक म्हातारी होती. ती मुलाच्या मृत्यूचा दाखला घ्यायला आली होती. पोराला ते कळलं तसा त्याने बॉक्स पाठीमागे लपवला. म्हातारीने पाहिलं. म्हणाली, 'लपवतोस कशाला रे? मुलगी झाली ना? दे इकडे.' तिने पेढा खाल्ला आणि मग तोंडाला पदर लावून रडली. मुलगा गेला त्या दिवसापासून ती रडली नव्हती. हे सगळं तिच्याबरोबरच्या माणसाने मला नंतर सांगितलं. खिडक्या वेगळ्या कर हवं तर. लोकांना बसायला मात्र एकाच ठिकाणी दे.

काका

---

अहमदाबाद
९ मार्च २०२५

ती. काकांना जयभीम.

हे पत्र लिहायला चार दिवस लागले.

पाच तारखेला मी करंजवाडीत होते. मॅडमबरोबर जागा बघायला आणि पालिकेत बैठकीला. तुम्हाला आधी कळवलं नाही. काम आटोपून अचानक दारात उभं राहायचं ठरवलं होतं.

जुन्या कचेरीसमोर गाडी थांबली आणि तुम्ही दिसलात. झाडाखाली घडीच्या खुर्चीत, मांडीवर पाट, भोवती आठ-दहा माणसं. तुम्ही फॉर्म भरत होता. मग एका बाईबरोबर उठलात आणि जिना चढायला लागलात, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. ती राजाबाई असावी. बाग, बाक, चार माणसं! काका, मला तुम्ही कधी खोटं सांगितलं नव्हतं.

मला हाक मारता आली नाही, कारण शेजारी मॅडम होत्या आणि आतला क्लार्क सुभाष त्यांना हसत सांगत होता, 'हे आमचे सिताराम दादा. रिटायर झाले तरी रोज हजर. मंडईमागे ऑफिस झालं की खुर्ची तिकडे नेणार म्हणतात.'

पुढे बैठकीत मी तुमचे आकडे मांडले. एका इंजिनिअर साहेबांनी विचारलं, मोजणी कुणी केली? मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, 'म्हणजे ज्यांना तिथे बसायचंय त्यांनीच मोजलं?' सगळे हसले. आकडे बाजूला ठेवले. हायवेची जागा जवळजवळ पक्की झाली आहे.

मी तुमच्या शब्दावर उभी होते. तुम्ही ही जागा मला लोकांसाठी सांगितलीत की तुमच्या खुर्चीसाठी?

घरी न येताच परत आले. काकींना सांगू नका.

दीक्षा

---

अहमदाबाद
३० मार्च २०२५

ती. काकांना सप्रेम जयभीम.

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. मी जास्त बोलले. रागावलात तर तसं लिहा, पण लिहा. रोज खाली वॉचमनला विचारते, टपाल आलं का.

तुमची दीक्षा

---

करंजवाडी
६ एप्रिल

दीक्षा बाळा, जयभीम.

मी काकी लिवते. तुझ्या दुसरीच्या पुस्तकावर लिवायला शिकले, तेवढंच येतं, चुकलं तर हसू नको.

तुझं पत्र आलं ते यांनी तीनदा वाचलं आन् खिशात ठेवलं. मला दाखवलं न्हाय. शर्ट धुवायला घेतला तवा मी वाचलं. ते झाडाखाली बसतात ते मला पयल्यापासून ठाव हाय. मीच डबा देते. तुला सांगायचं न्हाय ही शपत मीच घातली होती, तू लांब राहून गुडघ्याचं टेन्शन घेशील म्हनून. तवा खोटं बोलल्याचा आर्दा राग माज्यावर काढ.

दुसऱ्या दिवसापासून ते गेलेच न्हाईत. लोकं घरी यायला लागली. राजाबाई आली, भाजीवाला किसन आला. हे आतल्या खोलीत बसून राहिले. मी लोकांना खोटं सांगितलं, ताप हाय.

मग परवा सकाळी मला बोल्ले, मुक्ता, चल. कुठं? तर हायवेच्या प्लाटवर. म्हनले, मला बगायचंय मी खोटा हाय का. मंडईपासून निघालो. एक बस, मग दुसऱ्या बसची वाट, मग ती पुलाच्या अलीकडं सोडते. तिथून पायी. गाड्या अशा जातात की पदर उडतो. मला शुगर, मला चक्कर आली. रस्त्याच्या कडंला दगडावर बसले. हे घड्याळ बगत उभे. एक तास धा मिनिटं झाली होती. यांच्या डोळ्यात पानी होतं, पन मला वाटतं त्यांना जरा बरंबी वाटलं.

घरी येऊन हे तुला लिवायला बसले आन् चार कागद फाडले. मी बोल्ले, फाडा, मी लिवते.

ते तुज्यावर रागावले न्हाईत गं. तू काय इचारलंस त्याचं उत्तर शोधतायत.

तुजी काकी मुक्ता

---

करंजवाडी
१३ एप्रिल २०२५

चि. दीक्षास अनेक आशीर्वाद.

बाहेर उद्याच्या जयंतीचा मांडव चढतोय. मला ऐकू येत नाही, पण जमीन हादरते त्यावरून कळतं की स्पीकर लागलेत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : दोन्हीसाठी. लोकांसाठी तर होतंच, पण खुर्चीचा विचारही मनात होता. तो नव्हता असं मी स्वतःला सांगत होतो. तू विचारलंस तेव्हा दिसला.

आणखी एक लपवलं. मंडईमागच्या जागेला मी 'उत्तम' लिहिलं. जुलैत तिथे घोट्याच्या वर पाणी साचतं. ते लिहिलं असतं तर तू ती जागा सोडून देशील अशी भीती वाटली. क्लार्कने रकाना रिकामा सोडू नये, हे मी दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतः सोडला.

मी झाडाखाली का बसतो तेही लिहितो. तुझ्या काकीलाही हे पूर्ण ठाऊक नाही. १९९८ साली दगडखाणीवरची एक बाई मुलाच्या दाखल्यासाठी आली. शाळेत घालायचं होतं. कागदावर बापाचं नाव एके ठिकाणी 'शिवराम', एके ठिकाणी 'शिवाराम'. मी परत पाठवलं. ती चार वेळा आली, चारही वेळा मी परत पाठवलं. नियमाने मी बरोबर होतो. पाचव्यांदा ती आली नाही. आठवड्याने मीच खाणीवर गेलो तर ती माणसं दुसऱ्या कामावर निघून गेली होती. तो मुलगा शाळेत गेला की नाही, मला माहीत नाही. आता त्याने तिशी ओलांडली असेल. मी त्या बाईचेही हातच पाहिले होते. डाव्या हाताची दोन नखं काळी होती.

निवृत्त झाल्यावर घरात बसवेना. वाटलं, खिडकीपर्यंत पोचायच्या आधीच कागद नीट करून द्यावेत. एवढंच. पुण्य वगैरे नाही.

आता तू असं कर. माझे आकडे फेकून दे. माणसं फेकू नकोस. माझ्याशी काही संबंध नाही अशा कुणाकडून पुन्हा मोजून घे. ते तीन दिवस मी गेटजवळ फिरकणार नाही. आणि पाण्याचं खरं तेच लिही. त्यावरही ती जागा पडली, तर पडू दे.

तुझा
काका

---

अहमदाबाद
१३ जुलै २०२५

ती. काका, ती. काकी, दोघांना सप्रेम जयभीम.

काका, तुमचं पत्र मॅडमना दाखवलं. विचारल्याशिवाय दाखवलं, माफ करा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वाशीला आपल्या ओळखीच्या प्राध्यापकांना फोन लावला. आर्किटेक्चर कॉलेजच्या सहा विद्यार्थ्यांनी गेल्या महिन्यात तेच तीन वार मोजले. एकूण आकडा आला ४६३. तुमच्यापेक्षा एक्कावन्न जास्त, आणि त्यातले बहुतेक चालत येणारे!

मॅडम म्हणाल्या, ज्याला ही जागा हवी होती त्याचा आकडा कमी कसा? विद्यार्थ्यांनी सुभाषला विचारलं. तो म्हणाला, 'दादांनी त्यांच्याकडे फॉर्म भरायला येणारे मोजलेच नव्हते. म्हणाले, ते धरले तर लोक म्हणतील म्हाताऱ्याने स्वतःचीच माणसं मोजली.'

काका, हे तुम्ही मला का नाही लिहिलंत? मी विचारलं नाही म्हणून? त्या दिवशी बैठकीत लोक हसले तेव्हा मी मान खाली घातली होती. ती वर करून बोलायला हवं होतं.

पाण्यावर उपाय काढलाय. जोतं चार फूट वर घेते आणि पायऱ्यांच्या बाजूला लांब, सावकाश चढणारा उतार ठेवते, वरून पत्र्याची सावली. कामं सगळी तळमजल्यावर, साहेब लोक वर. तळं गेलं, काच गेली. काचेचं मला थोडं वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू.

दोन ऑगस्टला जनसुनावणी आहे. मॅडम येतील, मला इथे नकाशे पुरे करायचेत. तुम्ही दोघं जा. बोललंच पाहिजे असं नाही. नुसते बसा.

दीक्षा

---

करंजवाडी
५ ऑगस्ट २०२५

चि. दीक्षास अनेक आशीर्वाद.

सुनावणीला शाळेचा हॉल भरला होता. मला ऐकू येत नाही म्हणून सुभाष शेजारी बसून कागदावर लिहून देत होता. अक्षर अजून वाईटच आहे त्याचं.

इंजिनिअर साहेबांनी हायवेच्या जागेची बाजू मांडली. माणूस खोटा नाही. उद्या वस्ती वाढेल, जागा अपुरी पडेल, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पाणी साचण्याचाही मुद्दा त्यांनी काढला. तुझ्या मॅडमनी जोत्याचा नकाशा दाखवला. मग साहेब म्हणाले, हायवेला दोनशे गाड्यांचं पार्किंग होईल.

तेवढ्यात सगळी डोकी माझ्याकडे वळली. मला वाटलं माझ्या हातून काही पडलं. बघतो तर तुझी काकी उभी! चाळीस वर्षांच्या संसारात ती चार माणसांपुढे उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. तोंड हलतंय, हात हलतोय, आणि मला एक शब्द कळत नाही. सुभाषकडे पाहिलं तर तो लिहायचं सोडून तिच्याकडेच बघत बसलेला. मी त्याला कोपराने ढोसलं तेव्हा त्याने लिहिलं :

'साहेब, पार्किंग छान हाय. पन माज्याकडं गाडी न्हाय, मीच हाय. मला कुठं पार्क करायचं? एप्रिलात एक तास धा मिनिटं लागली, मग रस्त्याच्या कडंला दगडावर पार्क झाले.'

हॉल हसला. साहेबही हसले. ती नाही हसली. पुढचं सुभाषने लिहिलं : 'हसू नका. माज्याबरूबर हे होते म्हनून उठले. एकटी बाई आली तर तिथंच बसंल.'

त्यानंतर राजाबाई उठली, किसन उठला, मग मोजता येईनात इतके. मी बोललो नाही. तूच म्हणाली होतीस, नुसते बसा.

निकाल महिनाभराने कळेल म्हणतात. घरी येताना मी तिला विचारलं, तुला भीती नाही वाटली? ती माझ्या कानाशी येऊन ओरडली. काय ओरडली ते लिहीत नाही. रस्त्यातल्या सगळ्यांना कळलं, तेवढं पुरे.

काका

---

करंजवाडी
१८ जानेवारी २०२६

चि. दीक्षास अनेक आशीर्वाद. सप्रेम जयभीम.

निकालाच्या दिवशी तू व्हिडिओ कॉल केलास आणि तिघंही रडलो, त्यामुळे बोलायचं राहूनच गेलं. मग तू कामात, मी डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये. आता नीट लिहितो.

काल मंडईमागे आखणी झाली. तुझे नकाशे घेऊन माणसं आली, दोऱ्या ताणल्या, खुंट्या मारल्या आणि जमिनीवर चुन्याने अख्खी कचेरी काढली. दुपारी ती जेवायला गेली तेव्हा मी आणि तुझी काकी बघायला गेलो. मी तुझ्या पत्रातला नकाशा बरोबर नेला होता. सरळ आत जायला लागलो तर काकीने हात धरला. कानाशी ओरडली, 'भिंतीतून कुठं चाललात? दार कुठं हाय?' मग आम्ही वळसा घालून उताराच्या रेषेवरून वर आलो. वर म्हणजे जमिनीवरच. तरी ती सावकाश चालली, चढ असल्यासारखी.

मी तिला दाखवत गेलो. ही जन्माची खिडकी, ही मृत्यूची, ही लिहायची टेबलं. साहेब वर, तिथे, आकाशात. तिने कानाशी येऊन विचारलं, तुमची खुर्ची कुठं? मी म्हटलं, नकाशात नाही. तू नकाशाबरोबर लिहून विचारलंस तेव्हा मीच नको कळवलं होतं. टेबलाशी पालिकेचा पगारी माणूस बसावा, आणि मी मेल्यावरही बसावा. तोवर मी असेन कुठेतरी कडेला.

एवढ्यात एक तरुण बाई मंडईच्या बाजूने आली. कडेवर महिन्या-दोन महिन्यांचं मूल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला हॉस्पिटलचा कागद. माझ्या हातातला नकाशा बघून तिला आम्ही तिथले कुणी वाटलो असू. तिने काहीतरी विचारलं. काकीने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, 'इचारते, नवीन हापिस कधी उघडणार?'

मी सांगणार होतो, दीड वर्षाने. त्याआधीच तुझी काकी माझ्या सवयीने तिलाही ओरडूनच म्हणाली, 'उघडलंय. बस.'

बसायला तिथे काहीच नव्हतं. बाईने चुन्याच्या रेषांकडे एकदा पाहिलं, चपला बाहेर काढल्या, दारातून आत आली आणि मातीत मांडी घालून बसली. मीही कसाबसा तिच्यासमोर बसलो. कागद घ्यायला हात पुढे केला आणि आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मुलीचं नाव अजून ठरायचंय. मी म्हटलं, सावकाश ठरव.

तुझा
सिताराम काका